तरुण डॉक्टर आणि संशोधनाची वही

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वार्षिक संमेलनात डॉक्टर मनुष्यास व्याख्यानासाठी उभे केले म्हणजे तो मधुमेह, रक्तदाब अथवा आहारविहार ह्यांपैकी एखाद्या विषयावर बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. चिटणीसांनी आम्हांसही तेच सुचविले होते. परंतु ह्या वर्षीच्या गौरवयादीवर आमची दृष्टी गेली आणि आम्ही विषय बदलण्याची अनुज्ञा मागितली. यादीत सहा नवे वैद्यकीय पदवीधर आहेत. प्रत्येकाच्या नावापुढे गुण छापले आहेत, महाविद्यालय छापले आहे, आणि ज्यांना मंडळाची शिष्यवृत्ती होती त्यांच्यापुढे तसा उल्लेखही केला आहे. हे सर्व योग्यच आहे. परंतु डॉक्टर झाल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत आपला मुलगा किंवा मुलगी नेमके काय शिकते, ह्याची विचारपूस आपल्यापैकी क्वचितच कोणी करतो. पदवी हाती आली की आपण दवाखान्यासाठी जागा पाहू लागतो आणि लगोलग स्थळेही पाहू लागतो. वस्तुतः ह्याच वर्षांत डॉक्टराला एक विद्या साध्य व्हावयाची असते. ती त्या वेळी साधली नाही तर पुढे सहसा साधत नाही. ती विद्या म्हणजे संशोधन. आणि ती कामाच्या जागी, रुग्णाच्या खाटेशेजारी कशी शिकली जाते, हा आमच्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

संशोधन हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे काचेच्या नळ्या, पांढरे उंदीर आणि परदेशातील एखादी भव्य इमारत उभी राहते. साहजिकच हा आपला प्रांत नव्हे, आपल्या मुलाने प्रामाणिकपणे रुग्ण तपासावेत म्हणजे झाले, असे आपण मनाशी ठरवून टाकतो. हा ग्रह किती चुकीचा आहे, हे दाखविण्यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. महाड तालुक्यातील बिरवाडीपर्यंत गेले तरी पुरे.

१९७६ साली हिंमतराव बावस्कर नावाचा एक तरुण डॉक्टर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. जन्म मराठवाड्यातील एका खेड्यात, शिक्षण नागपुरास, आणि नेमणूक कोकणात, तेव्हाच्या कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात. त्या भागात लाल विंचवाचा सुळसुळाट होता. भाताच्या पेंढ्यात, कौलांत, सरपणात विंचू असावयाचा, आणि त्याच्या दंशाने धडधाकट माणसे आणि लहान मुले दगावत असत. दंश झालेल्या गंभीर रुग्णांपैकी शंभरात पंचवीस-तीस प्राणास मुकत. पाठ्यपुस्तकात ह्या विषयावर फारसे काही नव्हते, आणि जे उपचार रूढ होते ते देऊनही रुग्ण वाचतोच असे नव्हते.

ह्या ठिकाणी दुसरा एखादा तरुण डॉक्टर काय करता? त्याने रूढ इंजेक्शन दिले असते, तालुक्याच्या गावी पाठवणी केली असती आणि बदलीचा अर्ज लिहिला असता. त्याला कोणी दोषही दिला नसता. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून लिहिण्यास प्रारंभ केला. दंशानंतर घाम केव्हा सुटतो, उलटी केव्हा होते, हातपाय केव्हा गार पडतात, नाडी आणि रक्तदाब तासातासाला कसे बदलतात, श्वास केव्हा लागतो, हे ते नोंदवीत गेले. ह्या नोंदींतून एक क्रम दिसू लागला. विंचवाच्या विषाने शरीरातील उत्तेजक द्रव्यांचा लोंढा सुटतो, त्यामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हृदयावर असह्य भार पडतो, आणि अखेरीस फुफ्फुसांत पाणी भरून रुग्ण गुदमरतो. मृत्यूचे दार हृदयाकडून उघडते, आणि ते उघडण्यापूर्वी काही लक्षणे त्याची वर्दी देतात, हे त्यांनी दाखवून दिले. १९८२ साली हे निरीक्षण ‘लॅन्सेट’ ह्या इंग्लंडच्या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

कारण कळले की उपायाचा विचार करता येतो. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन नावाची गोळी उच्च रक्तदाबासाठी त्या काळी वापरात होती. ती स्वस्त, तोंडाने घ्यावयाची, आणि खेड्यातील केंद्रातही ठेवता येण्याजोगी होती. ती विंचूदंशावर दिली असता काय होते, हे बावस्कर पतिपत्नींनी पाहिले आणि १९८६ साली त्याच नियतकालिकातून जगापुढे ठेवले. पुढे ह्या उपचाराने मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आले. आमच्या मते ह्या कथेतील सर्वांत मोठी गोष्ट मात्र त्यापुढची आहे. ज्यांनी प्राझोसिनचा पुरस्कार केला, त्यांनीच पुढे स्वतःच्या औषधाची परीक्षा घेतली. सत्तर रुग्णांचे चिठ्ठी टाकून दोन गट केले. एका गटास नुसते प्राझोसिन दिले आणि दुसऱ्यास प्राझोसिनबरोबर विंचवाच्या विषावरील प्रतिविष दिले. दहा तासांनी पाहता, दोन्ही औषधे मिळालेल्या पस्तीसांपैकी बत्तीस पूर्ण बरे झाले होते, तर नुसते प्राझोसिन मिळालेल्या पस्तीसांपैकी आठ. हा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. आपले औषध एकटे पुरेसे नाही असे स्वतःच सिद्ध करून ते छापणे, ह्याला मनाची फार मोठी तयारी लागते. २०२२ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली, हे आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक असेल.

ह्यातून तरुण डॉक्टराने काय घ्यावे? पहिली गोष्ट अशी की प्रश्न त्याच्या कामातच असतो. ज्या रोगाने त्याची झोप उडविली, ज्या रुग्णापुढे तो हतबल झाला, तेथेच त्याचा विषय आहे. दुसरी गोष्ट नोंदीची. सगळ्या रुग्णांची, एकाच पद्धतीने, त्याच वेळी केलेली नोंद हे संशोधनाचे अर्धे शरीर होय. आणि तिसरी गोष्ट, जी आम्हांस सर्वांत कठीण वाटते, ती म्हणजे आपलाच समज चुकीचा निघण्याची संधी त्याला द्यावयाची.

आता दुसरे उदाहरण पाहू. ते आपल्या देशातील नाही, परंतु त्यातील तरुण डॉक्टर आपल्या निवासी डॉक्टरांच्याच जातकुळीचा आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहराच्या रुग्णालयात १९८१ साली बॅरी मार्शल नावाचा डॉक्टर प्रशिक्षण घेत होता. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एखादा संशोधनप्रकल्प करणे त्याला भाग होते. आपल्याकडे प्रबंधासाठी विषय शोधीत निवासी डॉक्टर जसे वरिष्ठांकडे जातात, तसाच तो विषय शोधीत गेला. त्याच रुग्णालयात रॉबिन वॉरेन नावाचे विकृतिशास्त्रज्ञ होते. जठराच्या तुकड्यांत आपल्याला वाकडे जंतू दिसतात, असे ते सांगत. पण अम्लाने भरलेल्या जठरात जंतू राहूच शकत नाहीत, ही समजूत इतकी पक्की होती की त्यांचे कोणी ऐकत नव्हते. मार्शलने ते ऐकले. दोघांनी मिळून शंभर रुग्णांचा अभ्यास आखला.

जंतू काही उगवेनात. तीसहून अधिक रुग्णांचे नमुने वाया गेले. दोन दिवसांत काही न दिसल्यास बशा टाकून द्यावयाच्या, असा प्रयोगशाळेचा रिवाज होता. १९८२ सालच्या ईस्टरच्या सुट्टीत काही बशा टाकावयाच्या राहून गेल्या, आणि सुट्टीनंतर पाहतात तो त्यांत जंतू उगवलेले! त्यांना दोन दिवस पुरत नव्हते, इतकेच. आपण ह्याला नशीब म्हणू. परंतु ज्याने शंभर रुग्णांची आखणी केली नसती, आणि तीस वेळा हाती काही लागले नाही म्हणून काम गुंडाळले असते, त्याच्या बशा सुट्टीत राहूनही काय उपयोग झाला असता? जठरव्रण हा चिंतेने आणि तिखटाने होणारा आजार आहे, हा समज ह्या कामामुळे मोडला, आणि पुष्कळ रुग्णांना प्रतिजैविकांनी कायमचे बरे करता येते हे सिद्ध झाले. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या मार्शलने १९८४ साली ते जंतू स्वतःच पिऊन पाहिले, ही गोष्ट विद्यार्थ्यांना फार आवडते. त्यांना आमचे सांगणे एवढेच की, ते अनुकरणीय नाही. अनुकरणीय आहे ती एका अप्रसिद्ध वरिष्ठाचे म्हणणे ऐकून घेण्याची आणि दुसऱ्याच्या विभागाचे दार ठोठावण्याची वृत्ती.

तिसरे उदाहरण इंग्लंडचे आहे, आणि ते आम्ही मुद्दाम सांगतो, कारण त्यात पारितोषिक नाही, नवे औषध नाही, मोठे नावही नाही. तेथे शल्यचिकित्सेचे प्रशिक्षणार्थी डॉक्टर ठरावीक मुदतीने एका रुग्णालयातून दुसऱ्यात बदलत असतात. त्यामुळे एकट्याने आरंभलेले काम अर्धवट राही. वेस्ट मिडलंड्स भागातील प्रशिक्षणार्थींनी ह्यावर युक्ती योजली. सर्वांनी मिळून एक मंडळ काढले, एकच प्रश्न घेतला, आणि बदली झालेल्याने आपले काम त्या जागी येणाऱ्याच्या हाती सोपवावे असे ठरविले. प्रश्न साधा होता. पोटाच्या शस्त्रक्रियेत जखमेच्या कडांना एक प्लास्टिकचे कडे बसवितात. त्याने जखम चिघळण्याचे प्रमाण खरोखर कमी होते काय? एकवीस रुग्णालयांतून सातशे साठ रुग्ण त्यांनी ह्या चाचणीत घेतले. २०१३ साली उत्तर प्रसिद्ध झाले. कडे लावलेल्यांतही आणि न लावलेल्यांतही सुमारे चारांत एका रुग्णाची जखम चिघळली होती. म्हणजे कड्याचा लाभ नव्हता. श्रोतेहो, ह्या ‘नाही’ची किंमत आपण ओळखली पाहिजे. जे साधन निरुपयोगी आहे त्यावर होणारा रुग्णाचा आणि सरकारचा खर्च त्या तरुणांनी वाचविला. आणि चाचणी कशी आखावी, संमती कशी घ्यावी, नोंद कशी ठेवावी, हे ती करता करताच पुष्कळ तरुण हात शिकले.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे सोय नाही अशी तक्रार करण्याची आपल्याला सवय आहे, आणि ती सर्वस्वी खोटीही नाही. परंतु नियमांत पाहिले तर पुष्कळ काही आहे. एम.डी. अथवा एम.एस. करणाऱ्या प्रत्येकास प्रबंध लिहावा लागतो. संशोधनपद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम त्याला पुरा करावा लागतो. चेन्नई येथील राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्था असा अभ्यासक्रम चालविते. जिल्हा रुग्णालयात तीन महिने काम करण्याचा नियमही आता आहे, आणि प्रश्न सापडण्यास जिल्हा रुग्णालयासारखी जागा नाही. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेने १९७९ साली अल्पमुदतीची विद्यार्थिवृत्ती सुरू केली, तिच्याद्वारे एखाद्या शिक्षकाच्या हाताखाली दोन महिने लहानसे संशोधन करता येते. थोडक्यात, वाट आखलेली आहे. परंतु आखलेल्या वाटेवरून मनुष्य डोळे मिटूनही चालू शकतो, आणि हे आम्ही स्वानुभवाने सांगत आहो.

जी गोष्ट आम्ही आजवर कोणत्याही व्यासपीठावरून बोललो नाही, ती आज आपल्या घरच्या मंडळींपुढे बोलतो. आम्ही एका मोठ्या रुग्णालयात निवासी डॉक्टर होतो, त्याला आता चाळीसहून अधिक वर्षे झाली. प्रबंधासाठी फुफ्फुसाच्या एका विकाराचे साठ रुग्ण घेतले होते. प्रत्येकाचा एक तक्ता होता, आणि त्यात तीन महिन्यांनंतरच्या तपासणीचा एक रकाना होता. मार्गदर्शक सज्जन होते. पण त्यांना वेळ नव्हता आणि आम्हांस झोप नव्हती. सादर करण्याची तारीख जवळ आली तेव्हा एकोणीस तक्त्यांतील तो शेवटचा रकाना रिकामा होता, कारण ते रुग्ण परत आलेच नव्हते. आमच्या वरच्या वर्षाचा एक सहकारी म्हणाला, “अहो, सगळेच भरतात. बाकीच्यांचे आकडे पाहा आणि त्या बेताने भरा.” आम्ही एका रात्रीत एकोणीस रकाने भरले. प्रबंध बांधून आला, पाठीवर सोनेरी अक्षरे उमटली, परीक्षकांनी दोन प्रश्न विचारले आणि आम्ही उत्तीर्ण झालो. ह्याच मंडळाने त्या वर्षी आमचा श्रीफळ देऊन सत्कार केला.

त्या प्रबंधाच्या आधारे कोणाचे औषधपाणी ठरले नाही, हे सुदैव. परंतु आम्ही गमावले ते काय, हे पुष्कळ वर्षांनी उमगले. ते एकोणीस रिकामे रकाने हेच आमच्या प्रबंधातील सर्वांत मोलाचे उत्तर होते! साठांपैकी एकोणीस रुग्ण परत का आले नाहीत? गाडीभाडे नव्हते? बरे वाटले? रोजंदारी बुडत होती? की ते हयातच नव्हते? हा प्रश्न विचारून आम्ही त्यांच्या पत्त्यांवर साधी कार्डे टाकली असती, तरी आमच्या हातून एक खरे काम झाले असते. आम्ही खोटे आकडे लिहून त्या माणसांना दुसऱ्यांदा नाहीसे केले. आजच्या गौरवमूर्तींपैकी जे पदव्युत्तर अभ्यासक्रमास लागले आहेत त्यांना आमची विनंती आहे की, रिकामा रकाना रिकामाच ठेवा, आणि तो का रिकामा राहिला हे त्याच्या खाली लिहा. परीक्षक त्यासाठी नापास करीत नाहीत; आणि एखाद्याने केलेच, तरी ते नापास होणे आमच्या उत्तीर्ण होण्यापेक्षा अधिक मानाचे ठरेल.

मग ही विद्या नीट शिकावी कशी? जाणत्या विभागांतून जे पाहिले ते थोडक्यात सांगतो. प्रथम प्रश्न लहान करावयाचा. ‘ग्रामीण भागातील रक्तक्षय’ हा प्रश्न नव्हे, ते ग्रंथाचे नाव झाले. ‘आमच्या रुग्णालयात प्रसूतीसाठी आलेल्या किती स्त्रियांनी लोहाच्या गोळ्या अखेरपर्यंत घेतल्या, आणि ज्यांनी सोडल्या त्यांनी का सोडल्या’ हा प्रश्न झाला. तो एक डॉक्टर आपले नित्याचे काम सांभाळून सहा महिन्यांत सोडवू शकेल. मग पूर्वी कोणी काय पाहिले आहे ते वाचावयाचे. जो एका ओळीचा शोध ग्रंथालयातून घेण्यास आम्हांस आठवडा लागे, तो आज हातातल्या फोनवर होतो. संख्याशास्त्र जाणणाऱ्याकडे आरंभीच जावयाचे. पीक कापून झाल्यावर बियाण्याचा सल्ला विचारणारा शेतकरी आणि आकडे गोळा झाल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणारा डॉक्टर ह्यांच्यात फरक नाही. रुग्णांची माहिती अभ्यासासाठी घेण्यापूर्वी संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता घ्यावयाची आणि रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून त्याची संमती घ्यावयाची. खेड्यातील रुग्ण डॉक्टराला ‘नाही’ म्हणत नाही, म्हणून तर ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. आणि शेवटी, उत्तर कोणतेही येवो, ते लिहून काढावयाचे. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके आज बोकाळली आहेत, त्यांच्या जाळ्यात पडावयाचे नाही.

हे सर्व पुस्तकात आहे. जे पुस्तकात नाही ते म्हणजे शेजारी बसणारा मनुष्य. पोहणे जसे काठावरून शिकत नाही तशीच ही विद्या नुसत्या व्याख्यानाने येत नाही. आठवड्यातून एकदा एखादा छापील निबंध सर्वांनी मिळून वाचून त्यातील खोट काढावयाची. वॉर्डातील मृत्यूंची बैठक आरोपासाठी न घेता शिकण्यासाठी घ्यावयाची. आणि वरिष्ठाने कनिष्ठाची नोंदवही दर पंधरा दिवसांनी उघडून पाहावयाची. एवढे जेथे होते तेथे तरुण डॉक्टर संशोधन शिकतो. जेथे होत नाही तेथे तो आमच्यासारखे रकाने भरावयास शिकतो.

शेजारी बसणारा मनुष्य चुकला म्हणजे काय होते, ह्याची दुसरी कबुली देऊन आम्ही आवरते घेणार आहो. काही वर्षांपूर्वी आपल्याच समाजातील एक तरुण डॉक्टर मुलगी आमच्या घरी आली. मंडळाच्या शिष्यवृत्तीवर शिकलेली. बंधपत्राच्या सेवेसाठी एका ग्रामीण रुग्णालयात होती. तिने पिशवीतून दोनशे पानी वही काढली. पावसाळ्यात सर्पदंशाचे जे रुग्ण येत, त्यांना दंश किती वाजता झाला, ते रुग्णालयात किती वाजता पोहोचले, आणि मधला वेळ कोठे गेला, हे ती प्रत्येक नातेवाइकास विचारून लिहीत होती. ती म्हणाली, “काका, सगळे म्हणतात रस्ता वाईट म्हणून उशीर होतो. पण माझ्या वहीत तसं दिसत नाही. वेळ घरात आणि गाडी शोधण्यात जातोय. ह्याचं पुढं काय करू?”

आम्ही काय उत्तर दिले असेल? आम्ही म्हणालो, “बाळ, हे सगळे छान आहे, पण आधी एम.डी.ची जागा मिळव. प्रवेशपरीक्षा तोंडावर आहे. वही सध्या बाजूला ठेव.” तिचे वडील शेजारी बसले होते, त्यांनी समाधानाने मान डोलावली. मुलगी शहाणी, तिने ऐकले. तिला जागा मिळाली, आज तिचा उत्तम जम बसला आहे, आणि आमच्याविषयी तिच्या मनात आदरच आहे. तो आदर आम्हांस बोचतो.

गेल्या वर्षी आम्ही होऊन तिच्याकडे ती वही मागितली. तिने माळ्यावरून काढून आणली. आम्ही दोघांनी बसून ती वाचली. निरीक्षण लखलखीत होते. परंतु पुष्कळ पानांवर तारीख नव्हती, काही ठिकाणी केसपेपरचा क्रमांक नव्हता, आणि नीतिसमितीची मान्यता तर कोणी घ्यावयास सांगितलेच नव्हते. त्या दिवशी एक तास तिच्याजवळ बसून एवढ्या तीन गोष्टी आम्ही सांगितल्या असत्या, तर ती वही त्या तालुक्यातील माणसांच्या उपयोगी पडली असती. आता ती केवळ आठवण म्हणून राहिली आहे. ती म्हणाली, “जाऊ द्या काका, तेव्हा परीक्षाही महत्त्वाचीच होती.” ते खरे आहे. परंतु परीक्षा आणि वही ह्यांत तिला निवड करावयास लावणारे आम्ही होतो. परिस्थितीने तसे सांगितले नव्हते.

म्हणून मंडळापुढे आमच्या तीन सूचना आहेत. पहिली अशी की, शिक्षणनिधीतून पदवीपर्यंत जी मदत दिली जाते, तिचा एक लहानसा भाग पदवीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांसाठी राखून ठेवावा. तरुण डॉक्टराच्या कामाला फार पैसा लागत नाही. नोंदीचे छापील तक्ते, रुग्णाच्या घरी जाण्याचे एस.टी.चे भाडे, संख्याशास्त्रज्ञाचे मानधन, एवढ्याने पुष्कळ भागते. दुसरी सूचना अशी की, ह्या स्मरणिकेत जेथे आपण गुणवंतांचे गुण छापतो, तेथे एक पान ह्या तरुणांच्या कामासाठी द्यावे. त्यात काय शोधले, काय सापडले, आणि काय सापडले नाही, हे चार ओळींत यावे. ज्या गोष्टी आपण छापतो त्यांचीच आपली मुले किंमत करतात.

तिसरी सूचना घरोघरच्या आईवडिलांना आहे. मुलगा अथवा मुलगी जिल्ह्याच्या रुग्णालयात एखाद्या प्रश्नामागे वर्षभर लागली, तर ‘अमक्याचा दवाखाना सुरू झाला, तुझे काय’ असे जेवताना विचारू नका. सुनेच्या बाबतीत तर मुळीच विचारू नका. बिरवाडीस त्या तरुणाने विंचूदंशाच्या रुग्णांजवळ ज्या रात्री जागून काढल्या, त्या कोणत्याही हिशेबात मिळकत म्हणून दिसल्या नसत्या.

दुसऱ्यास उपदेश केला की स्वतःकडे काही काम घ्यावे लागते. पुढील महिन्यापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही ज्ञातिगृहाच्या वाचनालयात बसणार आहो. ज्या तरुण डॉक्टराच्या मनात एखादा प्रश्न असेल त्याने आपली वही घेऊन यावे. आपल्या ज्ञातीतील असावा असा आग्रह नाही. आपल्या मुलांनी आपल्या बाहेरच्या मित्रांनाही आणावे, कारण रोग ज्ञाती पाहून येत नाहीत. ती मुलगीही आमच्याबरोबर बसणार आहे. तिने ते स्वतःहून कबूल केले आहे. आम्ही फार विद्वान आहो म्हणून बसत नाही. कोणते रकाने भरू नयेत हे आम्हांस ठाऊक आहे, आणि वहीच्या प्रत्येक पानावर तारीख घालावी हे तिला.